जुन्या पत्रांशेजारी मोरपीस कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

९ ऑक्टोबरचा जागतिक टपाल दिन आणि दिवाळीची झाडलोट साधारण एकाच सुमारास येतात. साताऱ्यात घरोघरच्या ट्रंकांतून पोस्टकार्डे, आंतरदेशीय पत्रे, मनिऑर्डरीची कुपने बाहेर निघतात. हल्ली त्यांचे फोटो काढून चौकटीत लावायची हौस वाढली आहे. हौस चांगलीच. पण बहुतेक फोटोंत पत्रापेक्षा शेजारचा कंदील, मोरपीस आणि वरून चढवलेला तपकिरी रंगच जास्त दिसतो. आंतरदेशीय पत्र मुळात निळे. ते तपकिरी केले की त्याची ओळखच गेली.

खरे बघण्यासारखे पत्रावरच असते. तारेच्या आकड्यात ओवलेल्या कार्डाला मधोमध भोक आणि भोकाभोवती गंजाचे कडे. १९७१ च्या अखेरीच्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ‘शरणार्थी सहायता’ छापलेले पाच पैशांचे जादा तिकीट. फौजींच्या पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का. त्यावर बहुधा गावाचे नाव नसते, नुसता क्रमांक. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावातल्या जवानाने पत्र कुठून धाडले, हे शोधायचा धागा तोच. तो आकडा धूसर आला तर फोटो वाया.

म्हणून पत्त्याची बाजू आधी टिपा. पाकीट असेल तर मागची बाजूही, पोहोचल्याचा शिक्का अनेकदा तिथेच असतो. पत्र काळ्या कार्डपेपरवर ठेवा. पांढऱ्यावर ठेवले तर पातळ कागदातून मागची शाई पुढे डोकावते. खिडकीचा उजेड हवा, थेट ऊन नको. कॅमेरा समांतर आहे का, हे बघायला पत्राच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये दिसले की जमले. मोबाइल फार जवळ नेला की कार्डाच्या कडा फुगतात, तेव्हा हातभर वरून दुप्पट झूम करा. कॅमेरा असेल तर एफ ८, आयएसओ १००, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. स्कॅनिंगची ॲप मात्र नकोत. ती कागद पांढराफटक करतात आणि त्यात पेन्सिलीची अक्षरे, फिका शिक्का सगळे धुऊन निघते.

मग खोली अंधारी करून एक टॉर्च टेबलालगत, कागदाच्या जेमतेम दोन बोटे वर, बाजूने धरून बघा. बॉलपेनने दाबून लिहिलेल्या कार्डाच्या पाठीवर उठलेले वळ, घड्यांच्या रेघा, जुन्या पाकिटावरचा राजाचा उठावदार मुखवटा असे सरळ उजेडात सपाट वाटणारे सगळे वर येते. कला म्हणायची तर ती इथे आहे.

लाल तिकिटावरची काळी तारीख वाचता येत नसेल, तर फोटो कृष्णधवल करताना लाल रंग उजळा. तिकीट फिके पडते, तारीख उरते. विटून तपकिरी झालेल्या शाईसाठी फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी नुसता निळा थर (चॅनल) बघावा, पण त्यात कागदाचे पिवळे डागही गडद होतात. तेवढे सोसायचे.

फोटोसाठी पत्राला इस्त्री मात्र करू नका. दोन टीपकागदांत घालून वर पुस्तके ठेवली की दोन-तीन दिवसांत घड्या सपाट होतात. ज्यांच्या घड्या मोडायला आल्या आहेत, ती उलगडूच नका. लॅमिनेशन तर नकोच. ते पुन्हा सोडवता येत नाही, वर चकाकी पडते ती वेगळीच. तिकीट भिजवून काढले की शिक्क्याचा निम्मा भाग त्याच्याबरोबर गेला. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीच्या अक्षरांना ओले बोटही पुरते, शब्दाचा डाग होतो.

आणखी एक. कागद आपल्या ट्रंकेतला असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि पश्चात त्याच्या वारसांचा. प्रदर्शनात लावण्याआधी त्या घरी विचारा. नाही म्हणाले, तर पत्त्याचे नाव झाकून नुसता शिक्का आणि गंजाचे कडे लावा.

– एक टपालसंग्राहक, सातारा