अवजड ट्रेलरना थांबायला जागा द्या

महोदय,
न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या परदेशी क्रेन आणि बोगदे खोदणाऱ्या यंत्रांचे भाग घाटावर पोहोचवण्याचे काम आम्ही करतो. वाहनाची रुंदी नियमाने 2.6 मीटर, माल त्याबाहेर गेला की वेगळी परवानगी लागते. ती आम्ही रीतसर काढतो, शुल्क भरतो. खरी अडचण रस्त्यावर येते.

चढावर हायड्रॉलिक ट्रेलर माणसाच्या चालीने सरकतो. पुढे क्लीनर लांब बांबूने लोंबत्या केबल उचलत असतो, तर मागे दुसरा पोरगा चाकाखाली घालायची लाकडी उटी हातात धरूनच चालतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात; त्यांचेही बरोबर आहे. पण बाजूला घ्यायचे कुठे? पनवेलजवळचे पळस्पे सोडल्यावर एवढी लांब गाडी निर्धास्त उभी करता येईल अशी जागा आम्हाला मिळत नाही. रात्री रस्त्याकडेला थांबावे लागले की मागून एखादा दुचाकीवाला आदळेल, या धास्तीने डोळा लागत नाही.

घाटाच्या अलीकडे आमच्यासाठी प्रशस्त, उजेडाचे थांबे बांधावेत आणि परवानगीसोबत मार्गावरील प्रत्येक पुलाखालची व तारांखालची मोकळी उंची लेखी द्यावी.

— एक ट्रेलरमालक, कळंबोली