आबा, घोडी बसवायला शिकवलंत त्याबद्दल

ती. स्व. आबांना,

सा. न. वि. वि.

हे पत्र घरी येऊन हातात देता आलं असतं. पण जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात आर्चटॉप, म्हणजे वरचा लाकडी पाट फुगीर असलेली पोकळ गिटार बाळगणारे मोजकेच, आणि ती बिघडली की जायचं कुठे हा प्रश्न सगळ्यांचा सारखाच. म्हणून आभार चारचौघांत मानतो, आणि तुम्ही हातात दिलेली विद्याही सगळ्यांसमोर ठेवतो.

तुमचा हात हार्मोनियम-तंबोऱ्यावर बसलेला, म्हणून तारा ज्या आडव्या तुकड्यावर टेकतात त्या ब्रिजला तुम्ही पहिल्यापासून घोडीच म्हणालात. आर्चटॉपला तो शब्द चपखल बसतो. सॉलिड गिटारचा ब्रिज लाकडात पक्का रोवलेला असतो. इथे घोडी व्हायोलिनसारखी नुसत्या तारांच्या दाबावर, फुगीर पाटावर उभी असते. तार हलते ती घोडीतून पाटाला हलवते. घोडीचा तळ आणि पाट यांच्यात फट असेल तर वरच्या तारा पातळ वाजतात, सूर लवकर मरतो. अशी गिटार घेऊन कुणी नवा पिकअप (तारांची हालचाल विजेत बदलणारा भाग) शोधत आला, की तुम्ही एक शब्द न बोलता घोडीखाली कागदाचा कपटा सरकवता. कपटा आत गेला की पिकअपची गोष्टच निघत नाही.

तळ बसवायची तुमची रीत जशीच्या तशी लिहितो. आधी मास्किंग टेपच्या बारीक तुकड्यांनी पाटावर घोडीची जागा खुणावून ठेवायची. तारांची धडाकडची टोकं अडकवलेल्या टेलपीसखाली फडकं घालायचं, कारण तारा सैल झाल्या की टेलपीस लोंबून पॉलिश खरवडतं. घोडी काढली की त्याच जागी ८० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर करून, ताणून चिकटवायचा. पेपरला सुरकुती राहिली तर तळाला तोच खड्डा पडतो. मग घोडीचा खालचा भाग तारांच्या दिशेने पुढेमागे घासायचा, हात जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर हलवत. बोटांचा दाब घोडीचा वरचा भाग पेलणाऱ्या दोन्ही खुंट्यांच्या बुडाशी, कारण तारांचा भार तिथूनच खाली उतरतो. टोकं दाबली तर घोडी डुलते, तळ गोल होतो आणि केलेलं काम पाण्यात जातं. पुढे १२०, शेवटी २२०. तपासायला खडूची पूड: पाटावर चिमूटभर चोळायची, घोडी टेकवून उचलायची. जिथे पांढरं उमटलं तिथे लाकूड टेकतंय, कोरं राहिलं तिथे फट. तळ सगळीकडे सारखा पांढरा होईपर्यंत थांबायचं नाही. टेप त्याच दिवशी काढायची. जुन्या लॅकरवर रात्रभर राहिली तर पॉलिश घेऊन निघते.

तळ बसला की मान. पहिल्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) आणि मान धडाला मिळते तिथे जाडी तार दाबून धरायची. सहाव्या-सातव्या फ्रेटवर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ०.२० ते ०.२५ मिलिमीटर फट हवी. कमीजास्त असेल तर मानेच्या आतला ट्रस रॉड, म्हणजे बाक सांभाळणारी सळई, एका वेळी पाव फेराच फिरवायचा, आणि पुन्हा सुरात लावूनच मोजायचं. त्यानंतर उंची: बाराव्या फ्रेटवर बारीक ई दीड ते पावणेदोन, जाडी ई दोन ते सव्वादोन मिलिमीटर. घोडीची उंची बदलणारी चाकं फिरवायच्या आधी तारा थोड्या सैल करा, हे तुम्ही प्रत्येकाला बजावता. भाराखाली फिरवली तर आटे झिजतात.

सूर जुळवण्यात बहुतेकांची गाडी अडते ती तिसऱ्या, म्हणजे ‘जी’ तारेवर. दिशा सोपी आहे: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर घोडी टेलपीसकडे, उतरा असेल तर मानेकडे, केसभर. पण लाकडी घोडीचा माथा मुळात गुंडाळलेल्या जी तारेसाठी कोरलेला असतो. त्यावर साधी, न गुंडाळलेली जी चढवली की ती कायम चढी बोलते. घोडी कितीही सरकवा, बाकीच्या पाच तारा बिघडतात. आमच्यातल्या निम्म्या लोकांचं दुखणं हेच होतं. ०.०१२ ते ०.०५२ इंच जाडीचा, चपट्या पट्टीने गुंडाळलेला फ्लॅटवाउंड संच, त्यात गुंडाळलेली जी, आणि प्रश्न मिटला. आणि तारा बदलताना एकेकच. सगळ्या एकदम उतरवल्या की घोडी जागची हलते आणि सगळं पहिल्यापासून.

वायरिंगचं कामही तुम्ही अंगावर घेतलंत, याचे आभार वेगळे मानायला हवेत, कारण पोकळ गिटारच्या पोटात हात घालायला कुणी धजत नाही. पॉट, म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करणारा फिरता भाग, बाहेर येतो तो एफ आकाराच्या भोकातून. आत ढकलण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्यावर फिशटँकच्या हवेची पारदर्शक नळी बसवायची आणि नळीचं दुसरं टोक वरच्या भोकातून बाहेर ठेवायचं. काम झालं की नळी ओढली, पॉट आपल्या भोकात हजर. केबल लावायच्या जॅकलाही नळीच, ती बसत नसेल तर पक्का दोरा. हे विसरलं की अर्धा दिवस तारेच्या आकड्याने पोटात चाचपडण्यात जातो.

हंबकरला, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपला, ५०० के (किलोओहम) चे पॉट, टोनला ०.०२२ मायक्रोफॅरड, म्हणजे रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात २२३ छापलेला कपॅसिटर. व्हॉल्यूम कमी केला की आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो, त्याचं कारण पॉट आणि लांब केबल यांची जोडी. केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरते, म्हणजे दहा मीटरची केबल हजारभर. त्यावर उपाय म्हणून व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या पायात १०२ छापलेला कपॅसिटर आणि १५० के चा रेझिस्टर समांतर जोडायचे. पिकअपची उंची, म्हणजे तारेपासूनचं अंतर, मात्र शेवटचा फ्रेट दाबूनच मोजायची: जाड्या बाजूला अडीच ते तीन मिलिमीटर, बारीक बाजूला दोन. खर्ज घुमत असेल तर ॲम्पवर बेस कापण्याआधी जाडी बाजू अर्धा मिलिमीटर खाली घ्या, हा तुमचा सल्ला आजवर चुकलेला नाही.

गुणगुण ऐकू आली तर तारांना हात लावून बघायचं. कमी झाली तर टेलपीसची ग्राउंड वायर जागेवर आहे. काहीच फरक नाही किंवा वाढली, तर टेलपीसपासून पॉटच्या पाठीपर्यंतची ती वायर कुठेतरी तुटली आहे. आणि मांडवात जनरेटरवर वाजवायचं असेल तर माइकला ओठ लावण्याआधी माइकची जाळी आणि गिटारच्या तारा यांच्यात मल्टिमीटर धरा, एसी व्होल्टवर. काटा दोन-चार व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग होईपर्यंत गिटार उचलायची नाही. प्लगची अर्थ पिन तोडून गुणगुण घालवणाऱ्यांवर तुम्ही संतापता, आणि तुमचं बरोबर आहे. त्या पिनवर माणसाचा जीव असतो.

मांडवातला दुसरा त्रास फीडबॅक. पोकळ धड स्पीकरचा आवाज ऐकून स्वतःच गाऊ लागतं. गिब्सन कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ या गिटारच्या मधोमध मेपलचा ठोकळा बसवला तो याचसाठी. १९४९ च्या ईएस-१७५ च्या घराण्यातल्या गिटारला तो ठोकळा नाही. मग एफ-भोकांना स्पंजचे कापलेले तुकडे, धड ॲम्पपासून थोडं तिरकं, आणि जाड्या ईवर चौथ्या ते सहाव्या फ्रेटच्या आसपास जो सूर ओरडतो, तेवढीच पट्टी इक्वलायझरवर चारेक डेसिबल खाली. घोडी आणि टेलपीस यांच्यामधल्या तारांत नमद्याची पट्टी विणली की तिथली कुजबुजही थांबते.

शेवटी आपल्या ऊन-पावसाचं. पारा ४५ वर गेला की लाकूड आटतं, कोरीव पाट खाली बसतो, तारा फ्रेटना लागतात, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. आषाढ-श्रावणात पाट फुगतो आणि तीच गिटार हाताला जड लागते. प्लायच्या पाटाला हे कमी, पण मान दोन्ही प्रकारच्या गिटारची हलते. म्हणून मे संपता संपता एकदा आणि पाऊस मुरल्यावर एकदा मोजमाप, दर वेळी मानेपासून सुरुवात. कूलरच्या झोतात गिटार टांगायची नाही: दिवसा ओलावा, कूलर बंद झाला की कोरड, आणि चिकटवलेले जोड त्या हेलकाव्यात सुटतात. केसमध्ये भोकं पाडलेली साबणाची डबी, तिच्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज, आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत.

आबा, तुम्ही यातलं काही झाकून ठेवलं नाहीत. कुणी पॉट काढायला बसला की दिवा धरलात, घोडी घासताना आमची बोटं तुम्ही खुंट्यांच्या बुडाशी सरकवलीत. पैशाचा विषय काढला की खडूची डबी पुढे करता. येत्या ज्येष्ठात चार गिटार घेऊन येतो. घासायचं आम्ही, खडूचे डाग तेवढे तुम्ही तपासा.

आपली नम्र,
जळगाव-भुसावळची गिटारवाली मंडळी