वहीतली तुझी यादी

साकीनाका, नाइट शिफ्ट
जुलै २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

दोनचं रीडिंग घेऊन आलो. ट्रान्सफॉर्मरचं ऑइल टेम्परेचर ५४, लोड निम्मासुद्धा नाही. तीनपर्यंत मोकळा आहे, म्हणून लॉगबुकच्या मागचे कोरे कागद काढून बसलो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस.

परवा रात्री मी एक आगाऊपणा केला. इंजिनीअरिंगच्या ऑप्शन फॉर्मची, कुठलं कॉलेज आणि ब्रँच कितव्या पसंतीला त्याची, यादी तू वहीत पेन्सिलने लिहून ठेवली होतीस. तू झोपल्यावर मी आणि मामा बसलो, गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली आणि तुझे नंबर वरखाली केले. माटुंग्याच्या व्हीजेटीआय कॉलेजचं इलेक्ट्रिकल तू पहिल्या नंबरावर ठेवलं होतंस, ते अकराव्यावर ढकललं. वर आणली ती सगळी कॉम्प्युटरची चुलत भावंडं: एआय-डीएस, एआय-एमएल, डेटा सायन्स. मामाचं म्हणणं एकच, सीईटीच्या ९७.४ पर्सेंटाइलला ते लागेल न लागेल, पहिला नंबर फुकट कशाला घालवायचा? आणि मी मान डोलावली.

सकाळी तू वही उघडलीस. काही बोलली नाहीस, नुसतं खोडरबर शोधलंस. मिळालं नाही तशी वही मिटून ठेवलीस. तुझी आई म्हणते तू चिडलेली नाहीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं.

काल दुपारी झोप लागेना म्हणून माहितीपुस्तिका पहिल्यापासून वाचली. मामाचं आणि माझं साफ चुकलं होतं. पहिला नंबर फुकट जात नाही. प्रवेश देणारा कॉम्प्युटर मेरिट नंबराप्रमाणे एकेकाला घेतो. तुझी पाळी आली की तुझी यादी वरून खाली वाचतो, आणि जिथे जागा शिल्लक दिसेल ती तुला देतो. पहिल्या दोन ठिकाणी नाही मिळालं आणि तिसऱ्या ठिकाणी जागा आहे, तर ती तुझीच. तुझ्या मागच्या नंबराच्या कुणी तेच कॉलेज पहिल्यावर लिहिलं म्हणून त्याला ती आधी मिळत नाही. आमच्या कॅन्टीनसारखं नाही, की वडा संपला म्हणून पोह्यांसाठी पुन्हा रांगेच्या शेवटी जा. म्हणजे क्रम लावायचा तो आवडीचा, मिळण्याच्या शक्यतेचा नाही. शक्यता बघायची ती यादी किती लांब ठेवायची यासाठी. ती लांब ठेव, पार तुला नक्की मिळेल अशा कॉलेजपर्यंत.

यंदा एक गोम मात्र आहे. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं लागलं की ते आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्कं, होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्याखालचं काही लागलं तर हजार रुपये भरून ती जागा धरून ठेवायची आणि बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरचं मिळतं का बघायला, जायचं. पुढे वरचं मिळालं की आधीचं आपोआप सुटतं. म्हणून पहिल्या सहांत उगाच भरताड नको. मामाच्या यादीने पहिल्याच फेरीत तुझ्या गळ्यात त्याने पहिल्यावर ठेवलेली कांदिवलीची डेटा सायन्सची सीट पडली असती, आणि मग व्हीजेटीआयचा विषयच संपला असता.

ब्रँचचं तुला मी काय सांगणार. एवढंच सांगतो की एआय-डीएस, डेटा सायन्स, आयटी अशी नावं वेगळी दिसली तरी सिलॅबस शेजारी ठेवून बघ. डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क्स सगळीकडे सारखंच निघतं. पाटी बघून भुलायचं नाही. तुझे पणजोबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. त्यांच्या काळात टेक्स्टाइल म्हणजे आजचं कॉम्प्युटर होतं. व्हीजेटीआय १८८७ साली निघालं तेच मुळी गिरण्यांना शिकलेली माणसं मिळावीत म्हणून. आज तीच टेक्स्टाइल ब्रँच पोरं यादीच्या तळाला लिहितात. वीस वर्षांनी कोण तळाला असेल ते कुणी सांगू शकत नाही, मामासुद्धा नाही.

आता माझं. दहावीनंतर डिप्लोमाचा फॉर्म माझ्या काकांनी भरला. मला सिव्हिल हवं होतं. काका म्हणाले, इलेक्ट्रिकलवाला कधी उपाशी मरत नाही. मेलो नाही हे खरंच, या कामावर आपलं घर उभं आहे आणि काम मला येतं. पण शीवचा जुना पूल पाडून नवा बांधतायत ना, तिथे गाडी हळू झाली की मी अजून दारात येऊन उभा राहतो. गर्डर कुठे टेकवलाय, पाइलिंगचं मशीन कुठे लावलंय ते बघतो. एकदा बघता बघता दादरपर्यंत गेलो आणि डबा गार झाला म्हणून तुझ्या आईची बोलणी खाल्ली. वय पन्नास, तरी हे जात नाही.

म्हणूनच विचारतो, इलेक्ट्रिकल तू माझ्यासाठी तर लिहिलं नाहीस ना? तसं असेल तर खोड. या कामात रात्रपाळी असते, पावसात केबल ट्रेंचमध्ये उतरावं लागतं, आणि कॅम्पसला बऱ्याचदा सॉफ्टवेअरवालेच येऊन इलेक्ट्रिकलच्या पोरांनाही घेऊन जातात. पण मला ती, ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो त्या ब्रीदरमधली, सिलिका जेल आठवते. तू चौथीत होतीस. बदललेली जेल मी डबीतून घरी आणली होती, गुलाबी पडलेली. निळी होती ती गुलाबी का झाली, म्हणून तू डोकं खाल्लंस. हवेतलं पाणी पिते म्हणून, असं सांगितलं. तर तू ती पोळ्यांच्या तव्यावर ओतून तापवलीस आणि निळी करून दाखवलीस. आईने तवा फेकून दिला. बरोबरच केलं, ते खाण्याच्या भांड्यात घालायचं नसतं. पण ते काही तू माझ्यासाठी केलं नव्हतंस.

फीचा हिशेब करून कुठलंही कॉलेज खाली ढकलू नकोस. आपलं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी २०२४ पासून सरकार भरतं. फक्त प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या या केंद्रीय फेऱ्यांतून, हवा. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही, त्यामुळे मामाच्या ओळखीचा जो कुणी 'करून देतो' म्हणतोय त्याचा फोन घेऊ नकोस.

प्रवासाचा विचार मात्र जरूर कर. भांडुपहून स्लो पकडलीस की माटुंगा सातवं स्टेशन, गाडी बदलायची नाही. कांदिवलीला जायचं तर घाटकोपरला उतर, मेट्रोने अंधेरी, तिथून पुन्हा लोकल. चार वर्षं, आठवड्याचे पाच-सहा दिवस. बाकी पावसात गांधी मार्केटला पाणी भरलं की माटुंगावाल्यांचेही हालच, ते सोड.

तीन वाजत आले, रीडिंगला उठतो. सकाळी घरी आल्यावर मी झोपेन. यादी मला आधी दाखवू नकोस, फॉर्म कन्फर्म केलास की दाखव. कन्फर्मचं बटण मात्र विसरू नकोस. नुसता सेव्ह केलेला फॉर्म धरत नाहीत.

तुझा,
बाबा

ता. क. नॉन-क्रीमीलेयर सर्टिफिकेट कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत आहे. खोडरबर नवीन घेतलंय, माझ्या डब्याच्या पिशवीत बघ.