बंद गाडीला आधी सेल्फ मारू नका

महोदय,

शहरातल्या बेवारस गाड्या उचलण्याच्या मोहिमेची बातमी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचली. रस्ता अडवणाऱ्या गाड्या उचलायलाच हव्यात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सोबतच्या फोटोत फाटक्या ताडपत्रीखाली एक जुनी पद्मिनी कार दिसली, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ज्यांच्या दारात अशी गाडी वर्षानुवर्षं उभी आहे आणि ती भंगारात द्यावी की चालू करावी या विचारात जे आहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नवी बॅटरी टाकून लगेच सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारू नका. आमच्या गाडीचं नऊ वर्षं उभं राहून झालं नव्हतं एवढं नुकसान त्या एका सेल्फने झालं.

वडिलांनी ही फिकट निळी प्रीमियर पद्मिनी १९९१ साली घेतली. स्टेअरिंगजवळच गिअरचा दांडा, चार गिअर, १०८९ सीसीचं इंजिन. माझं लग्न, भावाचं शिक्षण, आईची पंढरीची वारी, सगळं तिच्यातून झालं. २०१४ मध्ये वडील गेले आणि गाडी शेडमध्ये गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा आमच्या शेडमध्येही चाकं अर्धी बुडतील एवढं पाणी आलं. त्या दिवसांत घर सावरायचं होतं, गाडीकडे कोण बघणार? पुढे ३० ऑक्टोबर २०२३ च्या सुमारास मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपल्याच्या बातम्या आल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनणं तर दोन दशकांपूर्वीच थांबलं होतं. ती बातमी वाचून आई म्हणाली, "आपली बघ ना चालू होते का."

एका गॅरेजचा माणूस आला. त्याने नवी बॅटरी लावली, टाकीतल्या जुन्या पेट्रोलवरच पाच लिटर नवं ओतलं, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल टाकलं आणि सेल्फ मारला. चौथ्या खेपेला गाडी सुरू झाली. धुराने शेड भरलं, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून त्याने बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू केलं, तर हातोडी आपटावी तसा टकटक आवाज आला आणि इंजिन लंगडं पडलं. "इंजिन गेलं, भंगारात द्या" एवढं सांगून तो माणूस गेला.

नेमकं काय झालं ते मला मिरजेच्या मिस्त्रींनी समजावलं. पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचा डिंक होतो. तेच इंजिनात जळलं की डिंक व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरच्या झडपांच्या, दांड्यांवर बसतो. इंजिन गरम असेपर्यंत तो मऊ असतो, म्हणून पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. रात्रभर थंड झाला की घट्ट होतो आणि व्हॉल्व्ह जागीच धरून ठेवतो. सकाळी सेल्फ मारला की खालून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी सळी, ढकलतो, वर व्हॉल्व्ह हलत नाही, मग पुशरॉडच वाकतो. आमचे दोन वाकले होते. मिस्त्रींनी ते काढून माझ्या हातात दिले. पेन्सिलीएवढी जाड सळी, मधोमध धनुष्यासारखी.

मिस्त्रींचं वय ७१. पन्नासहून अधिक वर्षं याच कामात आहेत. मी इंजिनाबद्दल विचारत होते आणि ते म्हणाले, "ताई, आधी टाकी उतरवायची. इंजिनाचं नंतर बघू." टाकी उतरवली तर आत वार्निशचा वास आणि तळाला लालसर गाळ. मूठभर गिट्टी आणि डिझेल घालून त्यांच्या दोन पोरांनी टाकी अर्धा तास हलवली, आणि असं चार वेळा, निघणारं डिझेल स्वच्छ दिसेपर्यंत. पेट्रोलची नळी हवेने साफ केली, रबराचे सगळे पाइप बदलले, एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, पडदा नवा घातला. कार्बोरेटर खोलून जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक भोकं, धुतले, पण त्यात तार घालू दिली नाही. तारेने भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते, असं त्यांचं म्हणणं.

मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून व्हॉल्व्ह साफ केले, बसवले. पुशरॉड पुण्याच्या नाना पेठेत मिळाले, त्यासाठी भावाने तीन फेऱ्या मारल्या. एवढं झाल्यावरही सेल्फ नाही! प्लग काढून चारही भोकांत दोन-दोन चमचे तेल सोडलं आणि चार दिवस गाडी तशीच ठेवली. पाचव्या दिवशी मागचं एक चाक जॅकवर घेतलं, गाडी टॉप गिअरला टाकली आणि ते चाक हाताने फिरवलं. चाकाबरोबर इंजिन फिरायला लागलं. मिस्त्रींनी माझं बोट एका प्लगच्या भोकावर ठेवायला लावलं. चाक हळूहळू फिरत होतं, आणि एका क्षणी बोटाखालून हवेने फस्सकन धक्का दिला. "हे कॉम्प्रेशन," ते म्हणाले. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते आहे. चारही सिलिंडरला तसाच धक्का लागला.

शेवटी बॅटरी. तीही प्लग बाहेर ठेवून, स्पार्कची वायर काढून. दहा सेकंद सेल्फ, मग थांबायचं, पुन्हा दहा सेकंद. तिसऱ्या खेपेला डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला. म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं. त्यानंतरच प्लग बसवले.

तरीही गाडी शेडबाहेर काढली नाही, कारण ब्रेक व्हायचे होते. चारही ड्रम अडकलेले होते, व्हील सिलिंडर गंजलेले, ब्रेकचे रबरी पाइप आतून फुगून बंद झालेले. ते सगळं बदललं, मास्टर सिलिंडर नवा घातला. मागच्या चाकांमधल्या गिअरच्या हाउसिंगमधून निघालेलं ऑइल दुधाळ चहासारखं होतं. ते पुराचं पाणी. टायर वरून छान दिसत होते, पण टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला ते लिहिलेलं असतं. आमच्यावर १८१२ होतं, म्हणजे २०१२ चा अठरावा आठवडा. चारही बदलले.

एक गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि फार पाणी झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाला बसतं. जुन्या रबरालाही ते सोसत नाही. त्यामुळे महिन्याहून जास्त दिवस गाडी काढायची नसेल तर मिस्त्री टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करायला सांगतात. मी तसं करते.

सगळं मिळून ६४ हजार खर्च आला. त्यातले जवळजवळ १७ हजार हेड खोलण्याचे, म्हणजे त्या पहिल्या घाईचे. नोंदणीच्या नूतनीकरणाला वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार शुल्क आहे. ते भरलं, पर्यावरण कर भरला, गाडी तपासणीतून गेली. दिवाळीत आईला पुढच्या सीटवर बसवून नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो.

हे सारं लिहिण्यामागे एक विनंतीही आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये भेटले. हुशार पोरं आहेत, स्कॅनर लावून नव्या गाडीचा दोष सांगतात, पण जुन्या गाडीत स्पार्क देणाऱ्या सीबी पॉइंटची गॅप धरायला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. आपल्या भागात शेडमध्ये, वाड्यात, सोसायट्यांच्या कोपऱ्यात अशा कितीतरी गाड्या उभ्या आहेत आणि त्या धीराने उठवणारे हात सत्तरीला आले आहेत. सांगली-मिरज परिसरातल्या एखाद्या आयटीआयने महिन्यातून दोन शनिवार ठेवले तर मिस्त्री शिकवायला यायला तयार आहेत. मी त्यांना विचारलं आहे. शिकायला आमची गाडी मी स्वतः चालवत आणून देईन.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली