व्यसनमुक्तीचे उपचार गावाजवळच्या दवाखान्यातच हवेत

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण भागातल्या व्यसनाधीन तरुणांसाठी निवासी केंद्रांची मागणी नेहमीच होते. आमची मागणी वेगळी आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे आणि प्रशिक्षित डॉक्टर द्या.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडली, की ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक. दोन-चार दिवसांत भ्रम सुरू झाला तर जीवही जाऊ शकतो. घरचे लोक मुलाला खोलीत कोंडतात ते नेमके याच दिवसांत. त्याला हवी असतात देखरेखीखाली डायझेपाम किंवा लोराझेपाम ही मेंदू शांत करणारी औषधे आणि थायमिनचे (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शन. थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे प्रत्येक नर्सला माहीत हवे.

हेरॉइनसारख्या नशेवर ओढ आणि त्रास कमी करणारे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २००५ पासून आहे. गोळी जिभेखाली विरघळवायची, गिळायची नाही. शेवटच्या नशेनंतर साधारण १२ तास उलटून नशा सुटल्याचा त्रास दिसू लागला, की मगच पहिला डोस. घाई केली तर त्रास एकदम उसळतो आणि मुलगा पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. डॉक्टरला त्या वेळी फोनवर तज्ज्ञ मिळायला हवा. औषधाचा साठा दोन-तीन दिवस संपला तरी उपचार मोडतो.

सर्वात मोठी चूक पुढे होते. शरीरातली नशा उतरवून मुलाला घरी पाठवले जाते, पुढची तारीख न देता. तोवर त्याच्या शरीराची नशा झेलण्याची क्षमता घटलेली असते. हेरॉइनचा पूर्वीचाच डोस आता जीवघेणा ठरतो. म्हणून घरी सोडतानाच नॅलोक्सोन, म्हणजे अशा जादा डोसवरचा उतारा, द्या आणि वापरायला शिकवा. त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटेच टिकतो, त्यामुळे शुद्ध आली तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे.

आणि कृपया 'व्यसनमुक्ती कक्ष' अशी वेगळी पाटी नको. गावात ती पाटीच मुलांना अडवते. तपासणी नेहमीच्या ओपीडीतच व्हावी, पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून. १२ ते २१ वयोगटासाठी 'क्राफ्ट' ही नशेच्या सवयी ओळखणारी छोटी प्रश्नावली आहे. दोन किंवा अधिक उत्तरे 'हो' आली तर सविस्तर तपासणी करायची. आरोग्यसेविकाही ती विचारू शकते.

येत्या अर्थसंकल्पात इमारतींच्या आधी या औषधांची आणि प्रशिक्षणाची तरतूद करावी, ही विनंती.

आपले,
व्यसनमुक्ती क्षेत्रातील कार्यकर्ते