धीर देणेही शिकवा

महोदय,

आपत्तीचे प्रशिक्षण म्हटले की दोर, स्ट्रेचर, लाइफ जॅकेट. भेदरलेल्या माणसाशी बोलायचे कसे, हे मागेच पडते.

२३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी आमच्या डागा लेआउटमध्ये शिरले. मदतीला आलेली पोरं भली होती. पण शेजारच्या आजी चिखलाने माखलेला लग्नाचा अल्बम पुसत बसलेल्या, आणि जो तो त्यांना म्हणे, 'जीव वाचला ना, मग रडता कशाला?' त्यांना हवे होते कोरडे पातळ, घोटभर चहा आणि मुलाला लागलेला एक फोन.

मानसिक प्रथमोपचार तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका तीनच कामे सांगते: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. त्याला डॉक्टरकी लागत नाही. मात्र घडलेले खोदून विचारायचे नाही (आपल्याकडे हेच अवघड!). पुढेही झोप उडालेलीच राहिली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक लावून द्यावा.

महापालिकेने पावसाळ्याआधी झोननिहाय आशाताई, गणेश मंडळांची पोरं, किराणा दुकानदार यांचे वर्ग घ्यावेत. जागेची आणि तर्री-पोह्यांची सोय आमचे ज्येष्ठ नागरिक मंडळ करील.

– एक निवृत्त शिक्षिका, डागा लेआउट, नागपूर