कारागिराच्या ड्रिलला वॉरंटी नाही का?

मी लालबागमध्ये सुतारकाम करतो. गेल्या महिन्यात नागदेवी स्ट्रीटवरून १,८०० रुपयांचे ड्रिल मशीन घेतले, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह. अकराव्या दिवशी एका घरी पडद्याच्या रॉडसाठी भोक पाडताना आतून निळ्या ठिणग्या उडाल्या, जळका वास आला आणि मशीन हातातच बंद पडले. मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश ठीक होते, तिचा फिरणारा भाग, म्हणजे आर्मेचरच जळाले होते.

दुकानदाराने सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवले. तिथे दोन खेपा, पाच फोन, आणि दर वेळी तीच कहाणी पहिल्यापासून. शेवटी उत्तर मिळाले, ‘तुम्ही धंद्यासाठी वापरता, वॉरंटी फक्त घरगुती वापराला आहे.’ पैसे घेताना हे कुणी सांगितले नव्हते. दोन दिवसांचा रोज बुडाला तो वेगळाच.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारासुद्धा ग्राहकच आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही, हे माझ्यासारख्या कितीजणांना ठाऊक असते? मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. महागडे मशीन परवडत नाही म्हणूनच आम्ही स्वस्त घेतो. त्यासाठीही घामाचेच पैसे मोजतो. वॉरंटीच्या अटी बिलावर मराठीत, ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती शासनाने करावी.

– एक सुतार, लालबाग, मुंबई